रस्त्याकडचा पट्टा

आमच्या भागात शेताची जी बाजू रस्त्याला लागते, तिला उंबऱ्याइतका मान. आत तण माजलं तरी चालेल, पण रस्त्याकडच्या चार ओळी निंदलेल्या, पाणी प्यालेल्या, तुकतुकीत दिसायला पाहिजेत. शेणखत आधी तिथे पडतं, पाणी आधी तिथे फिरतं, आणि फवारा तर तिथे दोनदा मारतात. येणारा-जाणारा काय बांध ओलांडून आत बघायला जातो? तो गाडीवरून मान वळवतो, घराची किंमत करतो आणि पुढे निघून जातो. सोयरिकी जमवणारे तर हमखास असेच बघतात. "शेत बघितलं, घर चांगलं शे," म्हणतात, आणि बघितलेलं असतं काय, तर रस्त्याकडची चार तासं, त्याच चार ओळी.

हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझ्या दिराने जे केलं ते का केलं, हे तुम्हाला परत परत सांगायला नको.

दीर माझ्याहून लहान. गाव त्याला आबा म्हणतं, मीही आबाच म्हणते. त्याची एक मुलगी, माझी पुतणी. पुतणी म्हणायची म्हणून म्हणते. तिची आई लवकर गेली आणि पोर वाढली माझ्याच ओट्यावर. मला मोठीमाय म्हणते. मी चौथीपर्यंत शिकलेली. त्यापुढचं माझं वाचन बियाण्याच्या पिशव्या, औषधाच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं आणि भज्यांच्या पुड्यांचे कागद यांच्यावर झालं. ही मात्र शिकत गेली, शिकत गेली, धुळ्याला कॉलेजात गेली, तिथेच राहून मोठी परीक्षा पास झाली, आणि पुढे एका सरांच्या हाताखाली संशोधन करायला लागली. कशावर? तर अळीच्या पोटावर!

पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसले. म्हटलं, "माय, माणसांची पोटं संपली का?"

तर म्हणाली, "मोठीमाय, अळीचं पोट कळलं तर माणसांच्या पोटात विष जाणार नाही."

एका दिवाळीला ती एक पोतडं घेऊन आली. त्यात काय, तर कारल्याच्या बिया. आपण कोवळं कारलं खातो; कुंपणावर पिकून नारिंगी झालेलं, तडकलेलं कारलं कोण बघतं? हिने गावोगावच्या कुंपणांवरून तसली कारली गोळा करून बिया वाळवल्या होत्या. त्या कुटायच्या, त्यांचं तेल काढून टाकायचं, उरलेलं पीठ पाण्यात भिजवायचं आणि गाळून ते पाणी हरभऱ्यावर फवारायचं, असा तिचा बेत. कॉलेजात बरण्यांतल्या अळ्यांवर तिने सगळं करून बघितलं होतं. आता खऱ्या शेतात, खऱ्या थंडी-उन्हात करून दाखवायचं राहिलं होतं. तेवढं झालं की तिचा प्रबंध पुरा होणार होता.

मी आपली मदत करायची म्हणून भिजवलेलं पीठ उचललं आणि गॅसवर ठेवायला निघाले. आपल्याकडे उकळल्याशिवाय काढा होतो का कधी? तर ही ओरडली, "थांब, थांब! उकळलंस की मेलं ते!"

"काय मेलं?"

"आत जे आहे ते. उकडलेलं अंडं परत पातळ होतं का? तसंच आहे. थंड पाण्यातच ठेव."

"हे औषध आहे का लोणचं?"

हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पाटावर बसून तिने मला नीट समजावलं. म्हणाली, "कोंबड्यांना कच्चं सोयाबीन घातलं तर काय होतं?"

"खातात, पण अंगी लागत नाही. रोडावतात."

"मग झालं तर! कच्च्या बियांमध्ये एक वस्तू असते. खाल्लेलं पचवायला पोटात जो रस सुटतो, त्याला ती जाऊन धरते. विळीच्या पात्यावर चिंधी गुंडाळ आणि मग भाजी चिर. कितीही घास, चिरतच नाही. अळी पानं खाते, घाटे खाते, पोट भरतं, आणि तरी उपाशी राहते."

मी विचारलं, हरभऱ्याच्या दाण्यात नाही का ही वस्तू? म्हणाली, "आहे ना. पण अळी पिढ्यान्‌पिढ्या हरभराच खातेय, तिने त्याच्यावर तोड काढलीय. एक रस अडला की ती दुसरा सोडते. म्हणून तिने कधी तोंड लावलं नाही अशा झाडाचं बी घ्यायचं."

"मग उद्या कारल्यावरही तोड काढेल की."

"काढेल. म्हणून एकालाच धरून बसायचं नाही. आज हे, उद्या दुसरं. तिच्या पुढे पुढे राहायचं."

मला ते पटलं. मी माझ्या वाट्याचं शेत तिला दिलं. म्हणजे तिला दिलं कसलं, मी बाई माणूस, कसतो आबाच. पण नावावर माझं आहे, म्हणून मी हो म्हटलं की हो.

आबा मात्र लगेच हो म्हणाला नाही. धुळ्याचं एक स्थळ त्याच्या मनात होतं. मुलाचं औषधांचं दुकान, माणसांच्या नव्हे, पिकांच्या. आबाला त्याचा फार आनंद. चावडीवर सांगायचा, "पोर अळ्यांचं शिकनी, पोऱ्या अळ्यांनी औषधं विकस. देवानी जोडी जमाडी!" आणि स्वतःच मांडीवर थाप मारून हसायचा. पोरगी म्हणायची, मला आधी पुरं करू द्या. शेवटी आबाने ओट्यावर बसून सांगून टाकलं, माझ्यासमोर. एक हंगाम. या हरभऱ्यात तुझं काय ते सिद्ध झालं, तर पुढे शिक, मी आडवा येणार नाही. नाही झालं, तर धुळ्याला होकार दे आणि मग रडू नको.

ती म्हणाली, "शब्द?"

आबा म्हणाला, "शब्द."

तीही म्हणाली, "माझाही."

आता तिचं काम कसं होतं ते सांगते. हरभऱ्याचे तिने पट्टे पाडले. काही पट्ट्यांवर कारल्याचं पाणी, एकावर दुकानातलं औषध, आणि एक पट्टा नुसता मोकळा. त्याच्यावर साधं पाणी. तिथे अळीला जे करायचं ते करू द्यायचं. त्याला ती कंट्रोल म्हणायची. मी म्हटलं, माय, हा कसला कंट्रोल, इथे तर अळीला मोकळं रान! तर म्हणाली, हाच पट्टा सगळ्यांत मोलाचा. आपण काहीच केलं नसतं तर अळीने किती नुकसान केलं असतं हे इथे दिसतं. हा नसेल तर बाकीच्यांना मापायचं कशाने?

कुठला पट्टा कुठे हे तिने स्वतः ठरवलं नाही. चिठ्ठ्या टाकल्या. मी वाटी धरली, तिने डोळे मिटून काढल्या. आणि मोकळा पट्टा आला नेमका रस्त्याकडेला.

आबा म्हणाला, "तो आत घे. रस्त्याले चांगला ठेव."

"नाही आबा. चिठ्ठीने आलाय. मी हलवला तर माझ्या मनासारखं केलं असं होईल."

"कोन बघाले येस चिठ्ठी?"

"मी बघते ना."

आबाच्या कपाळावरची आठी गेली नाही. ज्याच्या शेतात गवताची काडी दिसत नाही असा तो माणूस. पुढे थंडी पडली, घाट्यांत दाणे भरायला लागले आणि त्या पट्ट्यात अळी अशी पडली म्हणता! हिरव्या, तपकिरी, डोकं घाट्यात खुपसून मागचं अंग बाहेर लोंबतंय. पानं नुसती जाळी झालेली. सगळं रस्त्यावरून दिसायचं. गावाला करमणूकच झाली. बायका बोलायला लागल्या.

"काय अक्का, अळ्या पाळ्यात का?"

"दूध पाजता का पाणीच?"

"पोरीनी मोठी परीक्षा अळ्यास्नी दिन्ही वाटतं!"

मी उलटून बोलायचे. म्हणायचे, तुमच्या सुनांपेक्षा बऱ्या, खातात आणि गप्प बसतात. पण आबाला ते बोलता येत नव्हतं. तो त्या रस्त्याने जाणंच टाळायला लागला. नाल्याकडून लांबचा वळसा घेऊन शेतात यायचा.

आणि आतल्या पट्ट्यांत काय चाललं होतं ते कुणी बघितलं नाही. मी बघितलं. सकाळी दवाने भिजलेल्या हरभऱ्यात आम्ही दोघी जायचो. त्याच्या पानांवरची आंबट आंब हाताला लागली की चिरा झोंबतात. ती म्हणायची, तू नको येऊ, मी म्हणायचे, मला कळू दे. ती अळ्या वेचून छोट्या काट्यावर वजन करायची. कारल्याच्या पट्ट्यातल्या अळ्या मेलेल्या नव्हत्या. मी आधी नाराजच झाले. म्हटलं, मरत नाहीत तर उपयोग काय? तिने दोन अळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या. एक मोकळ्या पट्ट्यातली, जाड, गार, वळवळणारी. दुसरी कारल्याची, त्याच वयाची, पण सुतळीच्या तुकड्यासारखी. "ही मोठी होणार नाही," ती म्हणाली. "झाली तरी कोष धड करणार नाही. पुढची अंडी नाहीत. मारायचं कशाला, वाढूच द्यायचं नाही." आणि घाटे? आतल्या पट्ट्यांत भरलेले होते. सगळे नाही, पण दुकानाच्या औषधाच्या पट्ट्याला लाज वाटावी इतके.

शेवटची मोजणी तेवढी राहिली होती. घाटे पिकले की प्रत्येक पट्ट्यातले पोखरलेले किती, चांगले किती, हे मोजायचं. त्यावरच सगळं होतं. त्याआधी सरांनी तिला काही सामानासाठी धुळ्याला बोलावलं. जाताना मला म्हणाली, "मोठीमाय, कुणी हात लावू नये बघ." मी म्हटलं, "कोण लावतंय गं, तुझ्या अळ्यांना?"

आणि त्याच वेळी धुळ्याच्या स्थळाचा निरोप आला. मुलाचे वडील एका कामाने जळगावला निघालेत, येता येता सहज डोकावतील. सहज! आमच्याकडे सोयरा सहज येतो तेव्हा तो रस्त्याने येतो, आणि रस्त्याने येतो तेव्हा शेत बघत येतो. आबाने काय केलं असेल हे आता तुम्हीच सांगाल.

मी त्या दिवशी जामनेरला माहेरच्या एका बारशाला गेले होते. परतले तेव्हा पाहुणे चहा घेऊन निघूनही गेले होते. आबा खुशीत ओट्यावर बसला होता. त्याच्या अंगाला वास येत होता. तो वास शेतकऱ्याच्या घरात कुणाला सांगावा लागत नाही.

"आबा, काय फवारलं?"

"काही नही वहिनी. रस्त्याकडला थोडा हात फिरावा."

मी शेताकडे गेले. मोकळ्या पट्ट्यात अळ्या काळ्या पडून पानांवर लोंबत होत्या. आणि त्याने एकट्या त्या पट्ट्यावर मारलं असतं तरी एक वेळ... पण त्या दिवशी वारा होता. शेजारच्या पट्ट्यांतही मेलेल्या सापडल्या. कुठे किती उडालं, कोण सांगणार? आतल्या पट्ट्यांच्या कडांनाही तोच वास.

पोरगी दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने आली. मी तिला फाट्यावरच गाठलं, म्हणजे तिने एकटीने बघू नये. ती ऐकून न थांबता चालत राहिली. पट्ट्याजवळ उकिडवी बसली, एक घाटा फोडून बघितला, मग दुसरा, मग उठून आतल्या पट्ट्यांत गेली. मला वाटलं रडेल. रडली नाही. आबा मागून आला, लगबगीने, तोंडावर हसू. खरंच हसू होतं हो, लबाडीचं नाही.

"बघ, साफ करी दिन्हा. पाव्हणा म्हणाले, वावर कसं आरसासारखं शे."

ती म्हणाली, "आबा, आता माझ्याकडे काहीच उरलं नाही."

"काय नही उरनं? बाकीना पट्टा शेतस ना!"

"त्यांना मापायला काही नाही."

आबाला खरंच काही कळलं नाही, आणि मग त्याने जे सुचवलं ते मी कधी विसरणार नाही. म्हणाला, "मग आकडा लिही दे. अळ्या व्हत्याच ना? तूच मोजणार व्हती, तूच लिहिणार व्हती. कोन इचारणार शे?"

तिने हातातला फोडलेला घाटा खाली टाकला. मग एवढंच म्हणाली, "कुणी नाही विचारणार, आबा." आणि घरी आली.

सरांना तिने फोन केला. सर म्हणाले, अरेरे, वाईट झालं, पुढच्या वर्षी परत लाव. पुढच्या वर्षी! पुढचं वर्ष सरांच्या हातात होतं, तिच्या हातात कुठे होतं?

मी आबाशी भांडले. ओट्यावरून भांडले, साऱ्या गल्लीने ऐकलं. म्हटलं, हंगाम तुम्ही मोडलात, मग शब्द तिच्यावर कसा लागतो? पोरीला अजून एक हरभरा द्या, मी माझ्या वाट्याचं शेत पुन्हा तिला देते. तो आधी समजुतीने बोलला. म्हणाला, मी काय वैरी आहे का तिचा? लोक तिच्या नावाने हसत होते, ते मला बघवलं नाही. सोयऱ्यांनी नाक मुरडलं असतं तर तिचंच नुकसान. मग मी ऐकत नाही म्हटल्यावर त्याचा आवाज चढला.

"वहिनी, जमीन तुमनी शे. पोर मनी शे."

संपलं. ज्या ओट्यावर मी तिला न्हाऊ घातलं, वेणी घातली, ताप आला तर रात्र रात्र मांडीवर घेतलं, त्याच ओट्यावर त्याने मला दाखवून दिलं की मी कोण.

मला अजून एक गोष्ट टोचते. आबाने हे मुद्दाम केलं असतं ना, पोरीचं मोडावं म्हणून केलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. लबाड माणसाशी भांडता येतं, चार लोकांत त्याचं तोंड काळं करता येतं. पण त्याने मायेनं केलं. गाव त्याच्या बाजूने. जो तो म्हणतो, बापाने पोरीची लाज राखली. मायेनं केलेल्या नुकसानीची दाद कुठे मागायची? मी आजही त्याच्या घरी भाकरी पाठवते, तो माझ्या विहिरीची मोटार बघतो, पण त्याच्या तोंडाकडे बघून बोलणं मी सोडलं आहे. त्याला ते कळलंसुद्धा नाही.

पोरीने धुळ्याला होकार दिला. मी म्हटलं, तू नाही म्हण, मी तुझ्या मागे उभी राहते. ती म्हणाली, "मोठीमाय, मी पण शब्द दिला होता." लग्न चांगलं झालं. आबाने जेवणात शेवभाजीपासून सगळं ठेवलं होतं. आता तो चावडीवर सांगतो, पोर दुकाननी मालकीण शे.

परवा मी डोळे दाखवायला धुळ्याला गेले होते, तेव्हा तिच्या दुकानात बसले. गल्ल्यामागे ती, बाजूला जावई. तो मुलगा वाईट नाही. मला चहा मागवला, खुर्ची पुसून दिली, कौतुकाने म्हणाला, "मोठीमाय, कंपनीच्या माणसांना येत नाही इतकं हिला येतं. गिऱ्हाईक हिलाच विचारतं." फडताळात वरपासून खालपर्यंत बाटल्या. ती मधेच कुणाला काही सांगायची, बाटली काढून द्यायची, परत बसायची. माझ्याशी बोलली ते डोळ्यांचं, गुडघ्यांचं, आबाच्या खोकल्याचं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कानाला लावला आणि पोर उभीच राहिली. "नाही, नाही, तेल राहिलं तर गढूळ येणार... मग परत धू. गाळायला जाड फडकं नको, जुन्या धोतराचं घे, दुहेरी... बर्फ मिळतो का तिथे? मग बर्फात ठेवूनच गाळ, आणि त्याच संध्याकाळी वापर..." हात हलवून हलवून सांगत होती, जणू फोनवरचा माणूस समोर बसलाय. गाल लाल झाले होते. लग्नानंतर तिला इतकं बोलताना मी पहिल्यांदा बघितलं. गिऱ्हाईक उभं होतं म्हणून जावयाने खुणावलं, तरी तिचं लक्ष नव्हतं. सगळं सांगून झालं तेव्हा फोन ठेवला.

"कोण गं?"

"सरांनी माझा विषय एका मुलाला दिलाय. त्याला जमत नाहीये."

"आणि तू सगळं सांगून टाकलंस?"

"मग काय, चुकीचं करू देऊ?"

गिऱ्हाईक म्हातारा होता, पटक्याच्या टोकात पोखरलेले चार घाटे बांधून आणले होते. गल्ल्यावर सोडून दाखवले आणि म्हणाला, गेल्या साली दिलेल्या बाटलीला अळी दाद देत नाही, जोराची दे. ती स्टुलावर चढली, वरच्या फळीवरून एक बाटली काढली, धूळ पुसली आणि त्याच्यासमोर ठेवली.

त्याने बाटली हातात घेऊन उजेडाकडे धरली.

"मरतीन ना, ताई?"

"यंदा मरतील," ती म्हणाली.